वाघूरकांठची वाट

जळगांवहून दक्षिणेस, नेरीवरून अजिंठ्याच्या डोंगराकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर पहूर हें गांव लागतें. गांवाचे दोन भाग आहेत. एकास पेठ म्हणतात, दुसऱ्यास कसबा; आणि दोहोंच्या मधून वाघूर नदी वाहते. प्रवाशाचें लक्ष पुढच्या डोंगराकडे लागलेलें असतें, त्यामुळें या नदीकडे तो सहसा पाहत नाहीं. परंतु जें पाणी पहूरच्या पुलाखालून जातें, तेंच दहाएक मैल वर डोंगराच्या कुशींत घोड्याच्या नालासारखें वळण घेऊन आलेलें असतें. आणि त्या वळणाच्या कड्यांत अजिंठ्याचीं लेणीं कोरलेलीं आहेत.

शहरांतील सुशिक्षित मनुष्यास शनिवार-रविवारची सुटी साधून जवळच्या एकाद्या गांवीं जाऊन येण्याची हौस असते. कलावंतांस तर ही हौस गरजेसारखी वाटते. हात चालेनासा झाला, कांहीं सुचेनासें झालें, म्हणजे दोन दिवस बाहेर पडावें, दुसऱ्या ठिकाणचें वारें अंगावर घ्यावें, आणि नवी दृष्टि घेऊन परत यावें, असा त्यांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे याची परीक्षा पाहावयाची असेल, तर पहूरच्या वाटेचा इतिहास पाहावा. या वाटेनें आणि तिच्या जोडीच्या घाटवाटांनीं गेल्या दोनशें वर्षांत अनेक चित्रकार अजिंठ्यास आले. कोणी वीस वर्षें राहिला, कोणी दोन दिवसांत परतला. प्रत्येकानें येथून कांहीं ना कांहीं नेलें. मात्र जें नेलें तें सर्वांच्या हातीं सारखेंच टिकलें नाहीं.

ही वाट चित्रकारांहून फार जुनी आहे. दक्षिणेंतील प्रतिष्ठान म्हणजे पैठण, आणि उत्तरेंतील उज्जयिनी, यांच्यामध्यें व्यापाराचे जे तांडे चालत, त्यांस अजिंठ्याचा डोंगर उतरून तापीच्या खोऱ्यांत यावें लागे. बौद्ध भिक्षूंनीं आपल्या वर्षावासाकरितां या मार्गाच्या आसपासच एकांताची जागा निवडली. पावसाळ्याचे महिने एका ठिकाणीं राहून ध्यान आणि अध्ययन करावयाचें, आणि पाऊस सरला कीं पुन्हां चालूं लागावयाचें, हा त्यांचा नियम होता. पहिलीं लेणीं सातवाहनांच्या काळांत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकांत कोरलीं गेलीं. पुढें बराच काळ काम थांबलें. आणि मग इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या वेळीं, त्याचा मंत्री वराहदेव आणि इतर दात्यांच्या द्रव्यसाहाय्यानें तीं भव्य विहारमंदिरें व त्यांतील चित्रें निर्माण झालीं, ज्यांकरितां आज सारें जग अजिंठ्याचें नांव घेतें.

या चित्रांचें साहित्य लक्षांत ठेवण्यासारखें आहे. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा. त्या मातींत भाताचा भुसा व वनस्पतींचे धागे कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि त्यावर रंग. तांबडा व पिवळा रंग काव आणि पिवडी यांचा, हिरवा रंग आसपासच्या काळ्या खडकांतच सांपडणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा रंग दिव्याच्या काजळीचा. राजावर्ताचा निळा रंग तेवढा दूर अफगाणिस्तानच्या बाजूनें येई. म्हणजे एक निळा सोडला, तर जगांतील ही अपूर्व चित्रसृष्टि वाघूरच्या परिसरांत पायाखालीं पडलेल्या वस्तूंतून उभी राहिली आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रासच्या फौजेंतील जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानें या दरींत आला, आणि दहाव्या लेण्यांतील एका खांबावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेवली. पुस्तकांत या प्रसंगास अजिंठ्याचा शोध असें म्हणतात. परंतु लेण्यांच्या जवळच लेणापूर नांवाचें खेडें आहे. ज्या लोकांनीं आपल्या वस्तीचें नांवच लेण्यांवरून ठेवलें, त्यांस लेणीं सांपडावयाचीं राहिलीं होतीं असें म्हणतां येणार नाहीं. शोध लागला तो बाहेरच्या जगास. आणि तेथून पाहुण्यांच्या येण्याजाण्यास आरंभ झाला.

या पाहुण्यांत पहिला मोठा पाहुणा मेजर रॉबर्ट गिल. १८४३ सालीं जेम्स फर्ग्युसन यानें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें हिंदुस्थानांतील लेण्यांविषयीं निबंध वाचला, आणि हीं चित्रें नष्ट होण्यापूर्वीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या अशी निकड लावली. त्यावरून ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं मद्रास फौजेंतील गिल याची नेमणूक केली. तेव्हां खानदेशांत आगगाडी नव्हती. गिल अजिंठा गांवांतील बारादरींत राहूं लागला आणि १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षें, तो चित्रांच्या मोठमोठ्या तैलनकला करीत राहिला. या भागांतील पारो नांवाची स्त्री त्याची सहचारिणी झाली. ती १८५६ सालीं वारली, आणि तिची कबर आजही अजिंठा गांवीं आहे. गिलच्या नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्यें तेथें आग लागली, आणि त्यांतील बहुतेक सर्व जळून गेल्या. गिल स्वतः १८७९ सालीं आजारी अवस्थेंत भुसावळच्या वाटेवर असतां वारला. त्याचें थडगें भुसावळ येथें आहे. वीस वर्षांच्या बैठकीचें फळ एका दिवसांत राख झालें.

गिलच्या हयातींतच वाट बदलूं लागली होती. १८६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जी. आय. पी. रेल्वे चाळीसगांव, पाचोरा, जळगांव करीत भुसावळास पोंचली, आणि मुंबईहून अजिंठा कांहीं आठवड्यांऐवजीं कांहीं दिवसांवर आला. याच सुमारास मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं अजिंठ्याचे शिलालेख उतरवून घेतले, व त्यांचें वाचन आणि भाषांतर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. सोळाव्या लेण्यांतील वाकाटकांचा लेख वाचणाऱ्या पहिल्या विद्वानांत त्यांची गणना होते. भाऊ दाजी हे गिलसारखे सरकारी नेमणुकीनें आलेले नव्हते. दवाखाना, रोगी आणि सार्वजनिक कामें यांच्या व्यापांतून सवड काढून त्यांनीं हें कार्य केलें. अजिंठ्यास थोडा वेळ देऊन मोठें फळ मिळविणाऱ्यांत मुंबईचा हा मराठी पंडित पहिला म्हणावा लागेल. परंतु त्यांचा वेळ थोडा असला तरी संस्कृत-प्राकृताची तयारी थोडी नव्हती.

गिलच्या नकला जळाल्यावर तें काम पुन्हां करावयाचें ठरलें. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं तें अंगावर घेतलें. १८७२ ते १८८५ या काळांत, हिंवाळा लागला कीं ते आपल्या शाळेंतील विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास येत आणि ऊन तापूं लागेपर्यंत काम करीत. या तरुणांत पेस्तनजी बमनजी होते, जे पुढें मुंबईचे नामांकित चित्रकार झाले. लेण्यांतील अंधार, कड्याला लोंबणारीं आग्यामाशांचीं पोळीं, आणि मनुष्यवस्तीपासूनचें अंतर, हीं सारीं संकटें सोसून सुमारें तीनशें चित्रें तयार झालीं व लंडनला रवाना झालीं. १८८५ सालीं साऊथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयांत आग लागून त्यांपैकीं शंभराहून अधिक जळालीं. जें उरलें त्याच्या आधारें ग्रिफिथ्स यांनीं १८९६-९७ मध्यें दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले.

एकदां जळालें, पुन्हां जळालें. यावरून कोणास असें वाटेल कीं नकला करणाऱ्यांचे श्रम व्यर्थ गेले. परंतु गोष्ट तशी नाहीं. मूळ भिंतींवरील अनेक आकृति त्यानंतर झडून किंवा काळवंडून गेल्या. त्या कशा होत्या हें आज या उरलेल्या नकलांवरूनच कळतें. शिवाय ग्रिफिथ्स यांचे ग्रंथ हिंदुस्थानांतील कलाशाळांतून व ग्रंथालयांतून गेले. त्यापुढें अजिंठ्यास जाणारा चित्रकार अजाण राहिला नाहीं. घरीं बसून पानें उलटून तो आपले डोळे तयार करूं शकत होता. पुढच्या पिढ्यांतील लहान सहलींस जें यश आलें, त्याचें भांडवल या दीर्घ श्रमांनीं घालून ठेविलें होतें.

या यशाचें पहिलें उदाहरण नंदलाल बोस यांचें. इंग्लंडांतील लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम या १९०६ सालीं प्रथम अजिंठ्यास येऊन गेल्या. त्या स्वतः चित्रकर्त्री होत्या, आणि चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराचा रंगतंत्रावरील ग्रंथ त्यांनीं इंग्रजींत आणलेला होता. १९०९-१० आणि १९१०-११ या दोन हिंवाळ्यांत त्या पुन्हां आल्या, आणि नव्या नकला करण्यास बसल्या. भगिनी निवेदिता यांचा आग्रह आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांची आज्ञा, यांमुळें कलकत्त्याहून नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे त्यांच्या साहाय्यास आले. समरेंद्रनाथ गुप्त, म्हैसूरकडील वेंकटप्पा आणि हैदराबादेचे सय्यद अहमद हेही त्यांत होते. या मंडळींच्या नकला १९१५ सालीं इंडिया सोसायटीनें लंडनला ग्रंथरूपानें छापल्या. हालदार यांनीं त्यापूर्वींच, १९१३ सालीं, बंगालींत अजिंठ्यावर पुस्तक लिहिलें होतें. नंदलाल त्या वेळीं अवघे सत्तावीस वर्षांचे होते. शिडीवर उभें राहून, अपुऱ्या प्रकाशांत, हजार-दीड हजार वर्षांपूर्वींच्या कोणा अज्ञात चित्रकाराच्या रेषेवरून त्यांनीं आपला हात फिरविला. त्या हाताची पुढची गोष्ट खानदेशांतच पुरी होते. ती यथाक्रम येईल.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत अडीच फूट रुंदीची लहान आगगाडी सुरू झाली. अंतर सुमारें ३५ मैल. वरखेडी, पिंपळगांव, शेंदुर्णी करीत ती पहूरला येई. त्यामुळें अजिंठ्यास जाणाऱ्यास जळगांवप्रमाणेंच पहूर हें एक दार उघडें झालें. मुंबईहून रात्रीं निघालेल्या मनुष्यानें सकाळीं पाचोऱ्यास उतरावें, लहान गाडींत बसावें, कपाशीच्या शेतांतून हळूहळू जात पहूर गांठावें, आणि पुढें बैलगाडीनें किंवा मोटारीनें वाकोदवरून फर्दापूर, असा हा क्रम होता. पहूर इंग्रजांच्या पूर्व खानदेश जिल्ह्यांत, तर फर्दापूर व लेणीं निजामाच्या राज्यांत. दहाएक मैलांच्या त्या वाटेंत राज्य बदले, नाणें बदले, आणि जकातीचे नियमही बदलत. ही सीमा सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यांत आल्यावर मिटली. फर्दापूरला औरंगजेबाच्या काळांतील सराई आहे. त्याच गांवच्या मुसाफिरी बंगल्यांत चित्रकारांचे मुक्काम पडत.

या सोयीमुळें अजिंठ्याची यात्रा सुटीच्या सहलीइतकी लहान झाली. जे. जे. स्कूलचे संचालक ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं १९२३ सालीं अजिंठ्यांतील स्त्रीचित्रांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्या कारकीर्दींत शाळेंत भित्तिचित्रांच्या अभ्यासास विशेष महत्त्व आलें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंत प्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३२ सालीं अजिंठ्याची माहितीपुस्तिका काढली, आणि सामान्य प्रवाशासही चित्रांतील जातककथा ओळखतां येतील अशी व्यवस्था केली. लेण्यांचा लौकिक तोंवर रंगभूमीपर्यंत पोंचला होता. आना पावलोवा या रशियन नर्तकीनें हिंदुस्थानच्या दौऱ्यानंतर १९२३ सालीं लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्यें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर नृत्यनाट्य केलें.

पाहुणे वाढले, तशी लेण्यांची झीजही वाढली. प्रारंभींच्या काळांत कित्येकांनीं रंगाचे तुकडे काढून नेले. नकला करतांना रंग उठून दिसावे म्हणून भिंतींवर जें व्हार्निश चढविलें गेलें, तें कालांतरानें पिवळें व काळें पडलें, आणि खालचें चित्रच झांकूं लागलें. म्हणजे ज्या हातांनीं चित्रें वांचवावयाचीं, त्याच हातांनीं त्यांस इजा झाली. हैदराबाद संस्थानानें १९१४ सालीं पुराणवस्तुखातें स्थापिलें. त्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांच्या देखरेखीखालीं १९२० ते १९२२ या काळांत लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीं चित्रांची सफाई केली व सुटलेला गिलावा पक्का केला. याजदानी यांचा अजिंठ्यावरील ग्रंथ १९३० पासून १९५५ पर्यंत चार भागांत निघाला. प्रेरणा घेण्याकरितां येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या आगतस्वागताचा असा कांहीं खर्च भिंतींना सोसावा लागतो, ही गोष्ट विसरतां कामा नये.

आतां १९३६ सालची अखेर. त्या वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत अमृता शेर-गिल यांच्या चित्रांचें प्रदर्शन मुंबईस भरलें होतें. त्या तेवीस वर्षांच्या होत्या. शिक्षण पॅरिसमध्यें झालेलें, आणि हिंदुस्थानांत परत येऊन दोन वर्षें झालेलीं. मुंबईचें काम आटोपून त्या दक्षिणेकडे निघाल्या, आणि वाटेंत अजिंठा व वेरूळ पाहिलें. मुक्काम अल्प होता. नकला करण्याचा विचारही नव्हता. परंतु १९३७ सालीं त्यांनीं जीं चित्रें रंगविलीं, नववधूचा शृंगार, ब्रह्मचारी, आणि बाजारास निघालेले दक्षिणेकडील खेडूत, त्यांत पॅरिसची पद्धत मागें पडली. आकृति स्तब्ध व भारदस्त झाल्या, रंग मातीचे झाले, माणसांची मांडणी भिंतीवरच्या पटासारखी झाली. या बदलांत अजिंठ्याचा वांटा मोठा होता, हें त्या स्वतः मानीत. १९४१ सालीं, अठ्ठाविसाव्या वर्षीं, लाहोर येथें त्यांचा अंत झाला. एवढ्या अल्प आयुष्यांत त्या थोड्या दिवसांचें मोल किती, हें सांगावयास नको.

त्याच वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत, २७ व २८ डिसेंबर रोजीं, पूर्व खानदेशांत फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. त्याकरितां उभारलेल्या टिळकनगराची सजावट गांधीजींनीं नंदलाल बोस यांच्याकडे सोंपविली होती. सत्तावीस वर्षांपूर्वीं नकलांकरितां आलेला तो तरुण आतां चोपन्न वर्षांचा आचार्य होऊन त्याच प्रदेशांत परत आला. वाघूर ज्या तापीस मिळते, त्या तापीच्या पलीकडे, थोड्या अंतरावर फैजपूर आहे. तेथें नंदलालांनीं अजिंठ्यांतील एकादा बोधिसत्त्व कापडावर मोठा करून टांगला असता, तरी लोकांनीं धन्य मानलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. बांबू, चटया, खेड्यांतील रोजच्या वापरांतल्या वस्तु, यांतूनच त्यांनीं नगर सजविलें.

येथें अजिंठ्याचा खरा धडा दिसतो. वाकाटकांच्या चित्रकारांनीं माती, भुसा, काव आणि काजळी यांत जग पाहिलें. फैजपुरास बांबू आणि चटई यांनीं तेंच केलें. नंदलालांनीं तरुणपणीं नक्कल केली ती आकृतींची. परंतु उतारवयांत त्यांच्या हातीं उरली ती आकृति नव्हे, तर हाताशीं असलेल्या साहित्याविषयींची श्रद्धा. शेर-गिल यांस तीच गोष्ट वेगळ्या मार्गानें लाभली.

दोन दिवसांच्या प्रवासानें प्रेरणा मिळते कीं नाहीं, या मूळ प्रश्नाचें उत्तर यांत आहे. मिळते, परंतु ती त्या दोन दिवसांची नसते. भाऊ दाजींच्या मागें भाषांचा अभ्यास होता, शेर-गिल यांच्या मागें अनेक वर्षांचें रेखाटन होतें. आणि या सर्वांच्या मागें गिलचीं वीस वर्षें, ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांचे हिंवाळे, आणि भिंती सांभाळणाऱ्यांचे हात होते. एकानें वर्षें खर्चावीं तेव्हां दुसऱ्यास दिवस पुरतात. ज्याची तयारी नाहीं, तो महिनाभर राहिला तरी दमून परत येतो. आणि दोष मात्र जागेस देतो.

या वाटेकडे केवळ बाहेरच्यांच्या नजरेनें पाहणेंही बरोबर होणार नाहीं. लेण्यांच्या जवळच्या पळसखेड्याचे कवि ना. धों. महानोर (१९४२-२०२३) हे शाळेकरितां शेंदुर्णीस होते, म्हणजे याच लहान आगगाडीच्या गांवीं. गिल व पारो यांच्या कथेवर त्यांनीं ‘अजिंठा’ हें काव्य लिहिलें. ज्यांस सारें जग दुरून पाहावयास येतें, तीं लेणीं त्यांच्या शेताच्या शेजारचीं. त्यांनीं त्या इंग्रज चित्रकारापाशीं न थांबतां पारोकडे पाहिलें, आणि जिचें नांव एका कबरीवर उरलें होतें तिला मराठी काव्यांत जागा दिली. प्रेरणेकरितां प्रत्येकास दूरच जावें लागतें असें नाहीं.

१९८३ सालीं अजिंठा जागतिक वारशाच्या यादींत गेला. प्रवासी आतां मोटारीनें येतात, आणि पहूर केव्हां मागें पडलें हें त्यांस कळतही नाहीं. पाचोरा-जामनेरची लहान गाडी २०२० सालच्या टाळेबंदींत थांबली. जिच्या डब्यांत चित्रकारांच्या वह्या आणि शेतकऱ्यांच्या टोपल्या शेजारीं शेजारीं बसून जात, ती शंभर वर्षांची गाडी अशी इतिहासजमा झाली. वाघूर मात्र तशीच आहे. पावसाळ्यांत ती अजिंठ्याच्या कुंडांतून उड्या घेत उतरते, पेठ आणि कसबा यांच्यामधून जाते, आणि तापीच्या वाटेला लागते. पुढच्या खेपेस अजिंठ्यास निघालेल्या मनुष्यानें पहूरच्या पुलावर घटकाभर थांबून हें पाणी पाहावें, आणि मग पुढें जावें. ज्या मातींतून तीं चित्रें उभीं राहिलीं, तिची पहिली ओळख त्यास येथेंच होईल.